खाऱ्या पाण्याची टाकी

बलभीम कवडे हा बार्शीकडच्या वाशीतला जुना वेल्डर. बसस्टँडच्या मागं त्याचं पत्र्याचं शेड. गावात नवं घर उभं राहिलं की त्याच्या गेटावर आणि जिन्याच्या कठड्यावर बहुधा बलभीमचाच हात फिरलेला असायचा. माणूस कामाला चोख, बोलायला कोरडा. गिऱ्हाइकानं मोबाइलवर नक्षी दाखवली की हा नुसती मान हलवायचा आणि ठरल्या दिवशी गेट आणून उभं करायचा. घरीही तेच. पाहुण्याला 'या, बसा' म्हणण्यापासून शेजाऱ्याशी भांडण्यापर्यंत सगळं बोलणं बायको कमलबाईकडं सोपवलेलं होतं. ती बोलायची, हा ऐकायचा, आणि संसार बरा चालला होता.

म्हणून कमलबाईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्या घराचा आवाजच गेला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली. बार्शीच्या दवाखान्यातून तिला घरी आणली ती थेट बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर. थोरला रणधीर पुण्याला कंपनीत होता. तो आणि त्याची बायको सोनाली दोन दिवस राहिले, औषधं कपाटात लावून दिली आणि सुट्टी नाही म्हणून परत गेले. राहिली ती धाकटी, शिवांजली.

शिवांजलीची तऱ्हा आधीपासूनच निराळी. बरोबरच्या पोरी नर्सिंगला, फार्मसीला गेल्या तेव्हा हिनं मत्स्यशास्त्राला नंबर लावला आणि रत्नागिरी गाठली. शिक्षण झाल्यावर मालवणजवळ एका खासगी हॅचरीत लागली. शोभेचे समुद्री मासे तिथं अंड्यातून वाढवायचे. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला जोकर मासा हे तिचं खास काम. नखाएवढ्या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी खाऊ घालायचं, पाणी तपासायचं, मेलेली वेगळी काढायची. फोनवर ती आईला हेच सांगत राहायची. आईला त्यातलं कितपत कळायचं कोण जाणे, पण ती शेजारणीला अभिमानानं सांगायची की आमची शिवा माशांची बाळंतपणं करती.

आली ती पंधरा दिवसांसाठी. पण कमलबाईला उठवायचं, पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, आणि हे सगळं दिवसाला किती वेळा. शेजारची गजराबाई हाताला हात द्यायची, पण तिलाही तिचं घर होतं. बलभीमनं एकदा एकट्यानं बायकोला खुर्चीवर बसवायला घेतलं. लोखंडाचे पल्ले उचलणारा माणूस, पण तिचा लुळा हात सटकला आणि दोघंही जमिनीवर आले. तेव्हापासून तो तिला धरायला भ्यायचा. पंधरा दिवसांचे चार महिने झाले. हॅचरीच्या मालकाचा फोन यायचा, शिवांजली अंगणात जाऊन हळू बोलायची, आणि बलभीम आत बसून कान देऊन ऐकायचा. पोरगी जाईल, ही एकच भीती. 'जा' म्हणायचं धाडस नव्हतं, आणि 'राहा' म्हणायला तोंड नव्हतं.

एकदा दुपारी ती मोबाइलवर टाकीचा व्हिडिओ बघत बसली होती. आवाज बंद. निळसर उजेडात मासे फिरत होते आणि ती एकटक बघत होती. बलभीम मागं येऊन उभा राहिला.

"असली टाकी घरात हुईल का?" त्यानं विचारलं.

ती हसली. "हुईल की, आबा. पण हितं न्हाय. हितं चव्वेचाळीसला पारा जातो. लाइटीचा भरोसा न्हाय. प्यायचं पाणी आठ दिसानं येतं. ती टाकी म्हंजी लहान लेकरू सांभाळल्यागत असती. हितं जगायची न्हाय."

एवढं सगळं ती बोलली, पण बलभीमनं त्यातला 'हुईल' एवढाच शब्द धरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाहेरच्या खोलीची भिंत टेपनं मोजली. शिवांजली आधी नको म्हणाली, आणि मग बापानं जमिनीवर खडूनं काढलेला चौकोन पुसून तिनं तो स्वतः पुन्हा काढला. साडेसहा फूट लांबी, अडीच फूट रुंदी. पाणी भरल्यावर ते ओझं दीड टनाच्या घरात जाणार होतं. बलभीमनं फरशी उकरून खाली काँक्रीट ओतलं. स्टँडसाठी दोन इंची चौकोनी पाइप आणला. एकही जोड त्यानं घाईनं मारला नाही. टाके घालून आधी चौकट उभी केली, लेव्हलच्या नळीनं चारी कोपरे जुळवले, मग एकेक शिवण पुरी केली, घासली, आणि मिठाचं पाणी लागलं तरी गंजू नये म्हणून रंगाचे तीन हात दिले. काच सोलापूरहून आली. ती उतरवताना गल्लीतले सात-आठ जण लागले.

नळांची मांडणी शिवांजलीची. वरच्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यातून पाणी आपोआप खाली सांडायचं, स्टँडच्या पोटातल्या दुसऱ्या टाकीत यायचं, तिथं गाळून निघायचं, आणि मोटर ते पुन्हा वर फेकायची. हे चक्र थांबलं की टाकीतला प्राणवायू संपत जायचा. म्हणून इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या जोडल्या. खाली येणाऱ्या पाइपावर एक व्हॉल्व होता. तो जरा इकडंतिकडं झाला की पाणी खळखळायचं, बरोबर जुळला की मुकाट्यानं वाहायचं. तो जुळवताना बाप-लेक तासन् तास स्टँडखाली डोकं घालून बसायचे. बलभीमला वाटायचं, आपण या पोरीशी जन्मात एवढं बोललो नाही. बोलणं सगळं पाइपाचं, वायसरचं, उताराचं, पण बोलणं तर होतं. कमलबाई खाटेवरून दोघांच्या पाठी बघत राहायची.

शिवांजलीनं एक गोष्ट पहिल्या दिवशी बजावली होती. पाण्याला लागेल ती वस्तू प्लॅस्टिकची किंवा काचेची, लोखंड-बिखंड काही नको. बलभीमनं मान हलवली. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, हे त्याला सांगायला नको होतं. त्यानं लोखंड पाण्याला लागू दिलं नाही.

पाणी हाच मोठा घोर. बोअरचं क्षारी पाणी चालत नव्हतं. मग आरओच्या जारवाल्याकडून रोज थोडं थोडं आणून, त्यात समुद्री मिठाची पाकिटं कालवून टाकी भरली. गल्लीत कुजबुज झालीच. माणसं घागरी घेऊन टँकरची वाट बघतात आणि हा माशाला जारचं पाणी पाजतो. बलभीमनं कुणाला उत्तर दिलं नाही. पूर्वी असल्या वेळी कमलबाई उत्तर द्यायची.

भरलेली टाकी दोन महिने नुसती ठेवली. शिवांजली म्हणायची, पाणी पिकावं लागतं, त्यात आधी बारीक जीव धरावे लागतात. समुद्रातले दगड, वाळू, त्यावर शेवाळ, दगडाला चिकटून उघडमीट करणारी समुद्रफुलं, मग गोगलगायी, मग चिमुकल्या लाल कोळंब्या. मासे शेवटी आले. रणधीरनं पुण्याहून थर्मोकोलचा डबा रातराणी ट्रॅव्हल्सनं पाठवला, आणि बाप-लेक पहाटे पारगावच्या फाट्यावर तो उतरवून घ्यायला उभे राहिले. जोकर माशांची जोडी, एक पिवळाजर्द चपटा मासा आणि तीन निळे. घरी आणून शिवांजलीनं पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, थोडं थोडं पाणी मिसळलं आणि मग सोडले.

त्या सकाळी कमलबाईचा डावा हात हलला. तो हात हलायचाच, पण आजवर तो फक्त माशी वारायला नाहीतर चादर ओढायला. आज तिनं बोट उचललं आणि पिवळा मासा जिकडं जाईल तिकडं ते बोट हवेत फिरवलं. गजराबाई आरती-पूजेला आल्यासारखी पदर सावरून दारात उभी राहिली. बलभीम शेडवर गेलाच नाही.

तो हिवाळा आणि निम्मा उन्हाळा बरा गेला. शाळेची पोरं खिडकीतून डोकावायची. भर चैत्रात डोंगरावरच्या पवनचक्क्या गरगर फिरायच्या आणि गावातली लाइट दुपारभर गायब व्हायची, तेव्हा शिवांजली ओल्या गोणपाटाचे पडदे लावून, बर्फाच्या पिशव्या सोडून टाकी थंड ठेवायची. आईची कूस बदलायची, मग टाकीचं पाणी तपासायचं, मग परत आई. एका सकाळी तिनं बापाला हाक मारली. जोकर जोडीनं खापरीच्या तुकड्यावर अंडी घातली होती. तांदळाच्या कणीएवढी, केशरी, चिकटून बसलेली, आणि नर शेजारी पंखानं वारा घालीत होता. पहिली अंडी मासाच खाऊन टाकतो, ती म्हणाली, पण दुसरी टिकतील. तिच्या तोंडावर काय आलं होतं ते बलभीमनं बघितलं आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, ही आता जात नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ती म्हणाली, मालवणला चार दिवस जाऊन येते. मालकानं बोलावलंय, सामानही तिथंच पडलंय.

बलभीम 'बरं' म्हणाला. मनात त्याच्या भलतंच होतं. मालकानं बोलावलं म्हणजे कामावर बोलावलं. गेलेली पोरगी तिथून फोन करील की, आबा, मी इथंच राहते. त्यानं तिला बसमध्ये बसवलं आणि घरी येऊन टाकीसमोर उभा राहिला. ही टाकी नीट ठेवायची, एवढंच त्याच्या हातात होतं. ती परतली तर टाकीसाठी परतेल, असं त्यानं धरलं.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्वच्या जोडातून थेंब पडायला लागले. त्यानं हातानं आवळून बघितलं. थांबेना. मग पाइप-पाना लावला, आणि लोखंडाच्या सवयीचा हात तो, जरा जास्तच जोर पडला. प्लॅस्टिकचा व्हॉल्व उभा तडकला. खारं पाणी फरशीवरून कमलबाईच्या खाटेखाली गेलं. गजराबाई पोती टाकायला लागली. बलभीमनं मोटर बंद केली, आणि टाकी एकदम मुकी झाली. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले.

लग्नाची दाट तिथ, निम्मं गाव लग्नांना गेलेलं. हार्डवेअरची दोन्ही दुकानं बंद. फोन लावावा असं त्याच्या मनात आलं. खिशातून मोबाइल काढलाही. पण ती तिकडं घाबरी होईल, आणि त्याहून, आपण मोडून ठेवलं हे सांगावं लागेल. ती आधीच दुसरीकडं ओढली गेलेली, त्यात हे. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि शेडवर गेला. एका डॉक्टरच्या बंगल्यासाठी त्यानं भारीतला व्हॉल्व आणून ठेवला होता. पितळी, वरून चांदीसारखा मुलामा. लोखंड नाही, गंजणार नाही, जन्माचं काम. त्यानं आटे पाडले, दोरा गुंडाळला आणि बसवला. मोटर चालू केली. पाणी मुकाट्यानं वाहायला लागलं. एक थेंब गळला नाही. मासे खाली गेले. बलभीम ओल्या फरशीवर बसून राहिला, आणि त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

शिवांजली चौथ्या दिवशी परतली, सामानाची ट्रंक घेऊन. ती परतली यातच बलभीम इतका सुखावला की मालवणला काय झालं ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. व्हॉल्वचंही तो बोलला नाही. तिला आपोआप दिसेल आणि ती म्हणेल, आबा, झकास बसवलाय, याची तो वाट बघत होता.

पहिल्यांदा गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या. मग कोळंब्या दिसेनाशा झाल्या. दगडावरची समुद्रफुलं मिटली ती उघडेनात. शिवांजलीनं पाणी तपासलं. मीठ बरोबर, उष्णता बरोबर, सगळं बरोबर. तिनं जारच्या पाण्याचं मिश्रण करून थोडं पाणी बदललं, पण मे महिन्यात जारवाल्याकडंच पाणी अपुरं. दुसऱ्या खेपेची अंडी खापरीवरच पांढरी पडली. पिवळा मासा कोपऱ्यात जाऊन धापा टाकायला लागला. तिचं खाणंपिणं सुटलं. शेवटी ती बॅटरी घेऊन स्टँडखाली शिरली, एकेक जोड बघायला. बराच वेळ तिचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"आबा," आतून ती म्हणाली, "ह्यो व्हॉल्व कवा बसवला?"

"तू गेलतीस तवा. आधीचा तडकला. बघ की, एक थेंब गळत न्हाय."

ती बाहेर आली नाही. बलभीमला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग ती सरकत बाहेर आली, भिंतीला टेकून बसली आणि हळू आवाजात, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं सांगायला लागली. पितळात तांबं असतं. खाऱ्या पाण्यात ते सुटतं, रोजच्या तपासणीत दिसत नाही. गोगलगायी आणि कोळंब्या त्याच्या वासानं मरतात, मासे थोडे उशिरा. आणि ते तांबं दगडात मुरतं, वाळूत मुरतं. पाणी बदललं तरी दगड ते परत सोडत राहतो.

"गळती थांबवली गं म्या," बलभीम म्हणाला.

"एक फोन करायचा हुता."

एवढंच ती बोलली. आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं तिथल्या तिथं व्हॉल्व काढला, पण त्याला आता अर्थ नव्हता. पिवळा मासा दुसऱ्या सकाळी तळाशी आडवा होता. कमलबाईचं बोट त्याला शोधत टाकीभर फिरलं. शिवांजली मधे उभी राहिली, तिला दिसू नये म्हणून. निळे एकामागून एक गेले. जोकर जोडी तेवढी तग धरून होती. तिनं ती पिशवीत भरून पुण्याच्या एका माशांच्या शौकिनाकडं ट्रॅव्हल्सनं पाठवली. संध्याकाळी त्याचा निरोप आला, पोचले, मादी वाटेत गेली.

टाकी उपसली तेव्हा बलभीमनं मनाचा हिय्या केला. बादल्या अंगणात पालथ्या घालता घालता तो म्हणाला, "माय, तू जा परत. आयचं बघतो मी. बाई ठेवू."

"कुठं जाऊ?"

"तुज्या कामावर."

"ती जागा भरली, आबा. मालकानं शेवटचं इचारायला बोलावलं हुतं. मी न्हाय म्हणून आले."

बलभीमनं हातातली बादली खाली ठेवली. "का गं?"

"हितं टाकी हुती म्हणून," ती म्हणाली. "वाटलं, हितंच पिल्लं काढू."

तो अंगणात उभा राहिला. पोरगी राहावी म्हणून त्यानं टाकी बांधली होती, आणि पोरगी राहिली होती. मागितलं ते त्याला मिळालं होतं. त्यानं नंतर तिच्या नकळत मालवणच्या मालकाला फोन लावला. आयुष्यात परक्या माणसाला असा फोन त्यानं पहिल्यांदा केला असेल. चूक माझी हाय, तिची न्हाय, असं त्यानं दोनदा सांगितलं. मालक भला होता, ऐकून घेतलं, आणि म्हणाला, आता नवा मुलगा रुळलाय, त्याला कसं काढू? पुढं कधी जागा झाली तर बघू. बलभीमला ते 'पुढं कधी' कळत होतं. गेट करून द्यायचं नसलं की तोही गिऱ्हाइकाला तेच म्हणायचा.

रणधीरनं एकदा फोनवर सुचवलं की गोड्या पाण्याचे मासे सोडा, टाकी वाया का घालवायची. शिवांजली नाही म्हणाली, कारण सांगितलं नाही. रिकामी टाकी बाहेरच्या खोलीत पावसाळाभर उभी राहिली. घरातलं बोलणं पुन्हा आटलं. पाइपाचं, उताराचं बोलायला काही उरलं नव्हतं. बलभीम सकाळी शेडवर जाई, संध्याकाळी येई, ताट पुढं येई. ती त्याच्यावर रुसली नव्हती. पाणी मागितलं तर देई, विचारलं तर उत्तर देई. तो मात्र विचारायचंच टाळू लागला. गावातल्या इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवायला ती अर्धा दिवस जायला लागली. सुटी झाली की धावत घरी, आईची कूस पालटायला. कमलबाईला दिवाळीच्या आसपास दुसरा हलका झटका आला आणि डावा हातही जड झाला.

हायवेवर मुरूम गावाकडच्या कल्याणप्पाचा ढाबा आहे. रिकाम्या टाकीचं त्याला कुठून तरी कळलं. तो येऊन टाकी बघून गेला आणि स्टँडवर थाप मारून म्हणाला, "काम लई घट्ट हाय रे मिस्त्री. आमच्या हॉटेलात ठेवू. गिऱ्हाइकाच्या लेकरांना करमणूक." बलभीमनं शिवांजलीकडं बघितलं. ती म्हणाली, घेऊन जाऊ द्या.

टेंपोत टाकी चढवून दोघं ढाब्यावर गेले. गल्ल्याशेजारी जागा केली होती. बलभीमनं स्टँड लेव्हलला बसवलं. शिवांजलीनं काच पुन्हा पुन्हा धुतली, पाइप काढून टाकले आणि कल्याणप्पाच्या पोऱ्याला सांगितलं, बोअरचं पाणी चालेल, गोल्डफिश सोड, दिवसाला एकदाच खायला टाक. पोऱ्यानं विचारलं, ही भोकं कशाची? ती म्हणाली, आता लागत न्हाईत, बुचं मार. मग कल्याणप्पानं जेवायचा आग्रह केला. दोघांनीही कमलबाईचं नाव सांगून मोडता घातला.

परतीच्या वाटेवर टेंपोत मधे जागा मोकळी असूनही दोघं दोन कडांना बसले होते. बाहेर ऊस भरलेल्या ट्रॉल्या सावकाश चालल्या होत्या आणि टेंपो त्यांच्या मागं अडकत अडकत चालला होता. बलभीमला एकदा वाटलं, काहीतरी बोलावं. घसा खाकरला. तिनं वळून बघितलं, थांबली, आणि तो काही बोलला नाही म्हटल्यावर परत बाहेर बघायला लागली.

वाशीत शिरताना तिनं ड्रायव्हरला औषधाच्या दुकानापाशी गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. आईचे डायपर संपले होते. दुकानात गर्दी होती. ती लोकांच्या मागं रांगेत उभी राहिली, आणि बलभीम टेंपोत बसून तिची पाठ बघत राहिला.